फास कोणाचा, मान कोणाची?

(ग्रामसभांच्या मेळाव्यात एका कार्यकर्त्या साथीनं केलेलं भाषण. लिहून घेताना बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. गावात बसून मोठ्यानं वाचून दाखवावं.)

बायांनो, बाप्पांनो, आणि मागं मोहाखाली बसलेल्या पोट्ट्यांनो,

सकाळपासून दाव्यांवर बोलणं झालं. कोणाची फाईल उपविभागाला अडकली, कोणाचा नकाशा परत आला, कोणाच्या पट्ट्यात चार एकराचे दीड एकर झाले. ते बोलणं गरजेचंच होतं. आता मला संघटनेनं सांगितलं की तू शिकारीवर बोल. तेव्हा दोन-तीन जणांनी तोंड वाकडं केलं, ते मी पाहिलं. चहाच्या वेळी एक काका बोललेही, "अरे, आपलं भांडण जमिनीचं. त्यात वाघ-डुकरं काहून आणून राहिला? ते फॉरेस्टवाल्याचं काम."

काका, काहून ते सांगतो. हे माझ्यापुढं पोतं आहे. यात तारा आहेत. मोटारसायकलची क्लच वायर आहे, कुंपणाची तार आहे, विजेच्या लाईनवर आकडा टाकायची जाड तार आहे. आमच्या गावच्या बाया-माणसांनी एका उन्हाळ्यात आमच्याच जंगलातून हे काढलं. ज्या जंगलावर आपण हक्क सांगतो, त्याच जंगलातलं हे. ज्या दिवशी यातल्या एखाद्या तारेत वाघ सापडेल, त्या दिवशी पेपरात आपला दावा छापून येणार नाही, ही तार छापून येईल. आणि खाली लिहिलेलं असेल, यांच्या हातात जंगल द्यायचं का?

म्हणून हे भांडण वेगळं नाही. जमिनीचंच आहे.

मी कोण सांगणारा

मी शिकारी घरातला माणूस. आजा शिकारी, बाप शिकारी, मीही केली. सशाचा फास केवढा, चितळाचा केवढा, कोणत्या वाटेवर बांधायचा, हे मला पुस्तकातून नाही, हातानं येतं. म्हणून मी इथं कोणाला पापी ठरवायला उभा नाही.

पण आज्याची शिकार कशी होती तेही सांगतो. पारधीला गाव निघायचं तर आधी भूमकाला विचारायचं. पोटुशी मादी दिसली तर सोडायची. ज्या कुळाचं जे देवक, त्या कुळाच्या माणसानं त्या जनावराला हात लावायचा नाही. मांस आलं की वाटे पडायचे, आणि ज्या घरी कर्ता माणूस नाही त्या बाईच्या घरीही वाटा जायचा. विकायचा प्रश्नच नव्हता, घेणारा कोण होता? जुनं सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणत नाही. भरमार बंदूक आली, हातबॅटरी आली, आणि बरेचसे नियम आपणच मोडले. पण शिकारीला गावाचा लगाम होता, ही गोष्ट खरी आहे.

आता कोणी म्हणतं की आदिवासींनी जंगल रिकामं केलं. त्यांना इतिहास विचारा. इंग्रज सरकार वाघ मारायला बक्षीस द्यायचं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून जास्त वाघ मारले गेले, असं इतिहासकारांनी सरकारी कागद पाहून लिहिलं आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडातल्या सरगुजाच्या राजानं एकट्यानं अकराशेच्या वर वाघ मारल्याचं सांगितलं जातं. कोरियाच्या राजानं १९४७ साली एका रात्रीत तीन चित्ते मारले, आणि देशातले ते शेवटचे चित्ते म्हणून नोंदले गेले. स्वातंत्र्यानंतरही परवाने काढून, जीपगाड्या घेऊन परदेशी पाहुणे शिकारीला यायचे. वाघाच्या शिकारीवर बंदी आली १९७० साली. १९७२ च्या मोजणीत वाघ निघाले १८२७. कायदा त्याच वर्षी झाला, आणि पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांत होतं. म्हणजे मारलं कोणी, आणि जंगलाबाहेर काढायची भाषा कोणाला ऐकवली, हे लक्षात ठेवा.

एवढं लक्षात ठेवून आजच्याकडं या. कारण कालचा दोष राजाचा असला तरी या पोत्यातली तार राजानं लावलेली नाही.

आजची शिकार चार प्रकारची

एक पोटाची, एक पिकाची, एक बाजाराची आणि एक शौकाची. चारींची कारणं वेगळी आहेत, म्हणून चारींवर औषधही वेगळं. सगळ्यांना एकच दंडा दाखवला की कोणतीच थांबत नाही.

शौकाची म्हणजे रात्री गाडी घेऊन, मोठा लाईट लावून बंदूक चालवणारे. ते आपल्यातले कमी, पण त्यांना वाट दाखवणारा कधीकधी आपल्यातला असतो. एक बाटली आणि शंभर-दोनशे रुपयांत तो गाडीत बसतो. नाव त्याचंच येतं, गाडीवाल्याचं येत नाही.

पोटाची शिकार कमी होत चालली आहे, पण आहे. ती कधी वाढते? धान संपलेलं, तेंदूचे पैसे आलेले नाहीत, रोजगार हमीचं काम उघडलेलं नाही, अशा महिन्यांत. या माणसाला उपदेशाआधी काम हवं. ग्रामसभेच्या हातात बांबू आणि तेंदू आला की हे महिने कमी होतात, हे तुम्ही काही गावांनी करून पाहिलं आहे. मेंढा-लेखाला २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात मिळाला, तेव्हापासून आपल्या भागात ही वाट मोकळी झाली.

पिकाच्या आणि बाजाराच्या शिकारीवर जरा थांबून बोलतो.

तार डुकरासाठी होती

धान लोंबीवर आलं होतं. आमच्या गावात एका घरची तीन एकर बांधी, अगदी जंगलाला लागून. तीन पिढ्या कसतात, पण पट्टा नाही, दावा पडलेला. आदल्या वर्षी डुकरांनी निम्मं धान लोळवलं होतं. भरपाईचा अर्ज घेऊन तो गेला, तर त्याला विचारलं, ही जमीन तुझ्या नावावर कुठं आहे? हे तर अतिक्रमण. अर्ज घेतलाच नाही. पुढच्या वर्षी त्यानं अर्ज केला नाही. लाईनवर आकडा टाकला आणि बांधीच्या कडेनं तार ओढली.

गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं. त्याच्या बांधीवरून येताना मी ती तार पाहिली होती. मी काय म्हटलं? "जपून रे बाप्पा," एवढंच म्हटलं आणि घरी येऊन जेवलो.

तिसऱ्या रात्री डुक्कर मेलं नाही. त्याच्या साळ्याचा पोरगा मेला. एकोणीस वर्षांचा. नाल्यावर मासोळीला गेला होता, अंधारात मधल्या वाटेनं परत येत होता. सकाळी आम्ही त्याला बांधीतून उचललं. ज्यानं तार लावली तो जेलात गेला. मेला तोही आपला, गेला तोही आपला. त्याच्या बायकोचं आणि तिच्या भावाचं बोलणं आजही बंद आहे. मला कोणी विचारलं नाही की तुला माहीत होतं का. पण मला माहीत होतं. त्या पोराच्या मायसमोरून जाताना अजून माझी मान वर होत नाही.

ही गोष्ट मी याआधी चारचौघांत सांगितली नव्हती. आज सांगितली, कारण इथं बसलेल्या प्रत्येक गावात अशी एखादी तार आहे आणि ती माहीत असलेला एखादा माणूस आहे.

आता याच्यामागचं कारण पाहा. डुक्कर हे कारण आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे हातात नसलेला पट्टा. पट्टा नाही म्हणून भरपाई नाही, भरपाई नाही म्हणून तार. आणि तार काही डुक्कर ओळखत नाही. तिच्यात वाघ मरतो, अस्वल मरतं, शेजाऱ्याचा बैल मरतो, पोरगा मरतो. वाघानं गाय मारली, पंचनाम्याला कोणी आलं नाही, म्हणून रागानं त्या गाईवर पिकावरचं विष शिंपडलं, त्याचीही हीच कहाणी. वाघ मेला तर मेला, पण त्या मढ्यावर आलेली गिधाडं, कोल्हे, गावातली कुत्रीही मरतात.

पहिला हात आपला

आता बाजाराची. आमच्याकडच्या आठवडी बाजारात प्लास्टिकच्या बादल्या विकणारा एक माणूस यायचा. बोलायला गोड. पोट्ट्यांना चहा पाजायचा. मग हळूच विचारायचा, तुमच्याकडं खवले मांजर दिसतं का? वीस नखांचं कासव? मांडूळ? एका पोट्ट्याला त्यानं इसार दिला. तेंदूचा हंगाम संपलेला, पैसे यायचे होते, घरी बहिणीचं लग्न. पोट्ट्यानं बीळ खणून खवले मांजर काढलं आणि गोणीत घालून बसस्टँडवर गेला. तिथं तो पकडला गेला. घेणाऱ्याचा फोन त्याच दिवशी बंद झाला. पोट्ट्याला त्याचं खरं नावही माहीत नव्हतं. जामिनासाठी बापानं बैलजोडी विकली.

हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. गावात पकडणारा एक, बाजारात घेणारा दुसरा, शहरात साठवणारा तिसरा, सरहद्दीपलीकडं नेणारा चौथा. हात बदलला की किंमत वाढते आणि धोका कमी होतो. सगळ्यात थोडा पैसा आणि सगळ्यात जास्त जेल पहिल्या हाताला. तो पहिला हात आपला असतो.

वाघाची हाडं, कातडी, नखं बाहेर जातात. चीनकडं हाडांची औषधं बनवायची जुनी रीत आहे. त्या सरकारनं १९९३ साली हाडांच्या व्यापारावर बंदी घातली, पण चोरटी मागणी राहिलीच. त्याच वर्षी दिल्लीत पावणेतीनशे किलोच्या वर वाघाची हाडं पकडली गेली. किती वाघांची असतील, तुम्हीच हिशोब करा. खवले मांजराचे खवलेही तिकडंच जातात. तो खवला म्हणजे काय? आपलं नख ज्याचं बनतं, त्याचाच तो बनलेला. त्यात औषध असतं तर आपण नखं कापून श्रीमंत झालो असतो. ते बिचारं मुंग्या आणि वाळवी खातं, भ्यालं की गोल गुंडाळून बसतं. मादीला बहुतेक एका वेळी एकच पिल्लू. एकदा काढलं की पुन्हा लवकर भरून येत नाही.

दुसरी मागणी आपल्याच देशातली, अंधश्रद्धेची. पैशांचा पाऊस पाडतो म्हणून कासव, गुप्तधनासाठी मांडूळ, दिवाळीला घुबड, जडीबुटी म्हणून घोरपडीचा अवयव वाळवून. पैशांचा पाऊस पडत असता तर तो पाडणारा बाबा तुमच्या दारात इसार घेऊन कशाला आला असता?

एक गोष्ट मात्र जपा. शिकार म्हटलं की लगेच एखाद्या जमातीचं नाव घ्यायची सवय आहे. पारधी आले, बहेलिया आले, धरा त्यांना. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं आख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं होतं. तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला, लोकांच्या डोक्यातून अजून पुसलेला नाही. गुन्हा माणूस करतो, जमात करत नाही. अकोला-वाशीमकडं फासेपारधी समाजाचीच माणसं आज गवताची रानं आणि त्यातली पाखरं राखतात. आज त्यांना जे म्हणतात ते उद्या आपल्याला म्हणतील.

पहारा कोणाचा टिकतो

काका म्हणाले, ते फॉरेस्टवाल्याचं काम. बरं, राजस्थानात सरिस्का म्हणून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं पहारेकरी होते, चौक्या होत्या, पैसा होता. २००५ साली कळलं की तिथं एकही वाघ उरला नाही, सगळे शिकाऱ्यांनी नेले. मग सरकारनं समिती नेमली. त्या समितीनंही लिहिलं की आसपासच्या लोकांना दुश्मन करून वाघ राखता येणार नाही. साधी गोष्ट आहे. जंगलात कोण आलं, कोण गेलं, हे गुराख्याला माहीत असतं. गुराखी गार्डाला घाबरून लपत असेल तर तो सांगेल कशाला? आणि बीटगार्ड तरी किती? एकाच्या अंगावर हजारो एकर. हंगामी वनमजूर तर आपलीच पोरं.

आता दुसरी बाजू. नागालँडमध्ये पांगती म्हणून गाव आहे, लोथा नागा लोकांचं. तिथं दोयांग धरणाच्या काठी दर ऑक्टोबरात लाखो अमूर ससाणे उतरतात. सैबेरिया-चीनकडून येतात, थोडे दिवस थांबतात आणि पार समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. गावची माणसं मासोळीची जाळी झाडांत टांगायची आणि हजारोंनी पाखरं धरून विकायची. २०१२ साली त्याचे फोटो जगभर गेले आणि मोठी ओरड झाली. मग काय झालं? गावसभा बसली. चर्चनं सांगितलं, कार्यकर्त्यांनी सांगितलं, सरकारनंही सांगितलं, पण ठरवलं गावानं. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, जाळं लागलं नाही. ज्यांच्या जमिनीवर पाखरं उतरतात त्यांनी आणि जुन्या शिकाऱ्यांनी मिळून राखण धरली. लोकांचा हातचा पैसा गेला, त्याची भरपाई पुरती झाली नाही, हेही खरं. तरी ठराव टिकला.

काहून टिकला? मला एक कारण दिसतं. तिथली जमीन आणि जंगल गावाचं आहे. कायद्यानं गावाचं आहे. ज्याचं घर, त्यानं दाराला कडी घातली. आपल्याकडं घर आपलं आणि कडी दुसऱ्याच्या हातात, म्हणून चोराला पाहूनही आपण म्हणतो, जाऊ दे, आपल्याला काय करायचं.

केरळात पेरियारच्या जंगलात रानदालचिनीची साल चोरून काढणारे, शिकार करणारे होते. त्यांच्याशी बोलणं करून त्यांनाच राखणीचं आणि पाहुण्यांना जंगल दाखवायचं काम दिलं. जंगलाच्या चोरवाटा त्यांच्याइतक्या कोणाला माहीत असणार? आपल्या गावातल्या जुन्या शिकाऱ्याला वाळीत टाकू नका. त्याला पहाऱ्यात पुढं ठेवा. मी हे माझ्यासाठी म्हणत नाही, पण मला असं पुढं ठेवलं म्हणून हे पोतं भरलं.

कायदा काय देतो, काय देत नाही

आता कायद्याचं नीट ऐका. २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक वनाची राखण, वाढ आणि व्यवस्था करायचा हक्क आहे. कलम ५ मध्ये रानजनावरं, जंगल, पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि जनावरांना नुकसान करणारं काम थांबवायचा ठराव करता येतो, तो पाळायला लावता येतो. नियम ४ खाली त्यासाठी ग्रामसभेनं आपली समिती नेमायची. ही समिती किती गावांनी नेमली? हात वर करा... बघा. जंगल मागताना आपण सगळे होतो. राखणदार नेमताना एवढेच.

आणि काय देत नाही, तेही झाकून ठेवू नका. त्याच कलम ३ मध्ये शिकारीचा, सापळा लावायचा परंपरेचा हक्क मुद्दाम वगळला आहे. पट्टा मिळाला म्हणजे शिकारीची मोकळीक मिळाली, असं जो सांगतो तो तुम्हाला जेलात घालतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघ, बिबट, अस्वल, खवले मांजर, घोरपड यांच्यासाठी कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं शिक्षा आहे. वाघ अंगावर आला आणि जीव वाचवताना त्याला मारलं, तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पीक खाणाऱ्या डुकराला मारायचं तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. करंट लावायची परवानगी मात्र कोणीच देऊ शकत नाही, तिच्यात माणूस मेला तर सदोष मनुष्यवध लागतो.

आणि ज्यांची गावं व्याघ्र प्रकल्पात आहेत त्यांनी ऐकावं. ग्रामसभेच्या मोकळ्या, लेखी संमतीशिवाय गाव उठवता येत नाही, हे कलम ४ मध्ये आहे. पण आपल्या जंगलात तारा सापडत राहिल्या तर ती संमती मागायला येणाऱ्याच्या हातात आपणच काठी देतो.

गावात जाऊन काय करायचं

पहिलं. पुढच्या ग्रामसभेत राखण समिती नेमा. निम्म्या बाया ठेवा. शोभेसाठी नाही. मोहफूल वेचायला पहाटे कोण जातं? बाया. चितळं फुलं खायला तिथंच येतात, आणि फासही तिथंच असतो. आमच्या पोत्यातल्या कितीतरी तारा बायांनी काढलेल्या आहेत.

दुसरं. पाळ्या लावून फिरा. चैत-वैशाखात पाणवठ्यांवर जास्त लक्ष ठेवा. पाणी आटलं की जनावर ठरावीक जागीच येतं, म्हणून फास, खटका, विष तिथंच लागतं. पाण्याकाठी पाखरं मेलेली दिसली तर पाण्यात काहीतरी कालवलं आहे असं समजा, गुरं सोडू नका. एकट्यानं जाऊ नका. बंदूकवाला दिसला तर अंगावर जाऊ नका, गाडीचा नंबर लिहा.

तिसरं. नोंदवही ठेवा. तारीख, जागा, काय सापडलं, कोण होते. मेलेलं जनावर दिसलं तर हात लावू नका, लगेच लेखी कळवा आणि अर्जावर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, आणि कधी सांगणाऱ्यावरच उलटतं. कळवूनही दाबलं गेलं, तर सरकारला ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ५५ मध्ये तसं आहे. ग्रामसभेनं हे हत्यार अजून वापरलेलं नाही.

चौथं. भरपाईचे अर्ज एकेकट्यानं नाही, गावानं मिळून करा. गाय-बैल मारला तर दोन दिवसांच्या आत, पीक गेलं तर तीन दिवसांच्या आत कळवा. पंचनाम्याआधी मढं हलवू नका. ज्याचा दावा पडून आहे त्याच्या अर्जाला दाव्याच्या पावतीची नक्कल जोडा. अर्ज नाकारला तर नाकारल्याचं लेखी मागा.

पाचवं. जागल मिळून करा. एका शिवारातल्या दहा घरांनी पाळ्या लावल्या तर महिन्यात एका घराच्या वाट्याला तीन रात्री येतात. जमत असेल तिथं झटका मशीन घ्या. ती बॅटरीवर चालते, थांबून थांबून झटका देते, त्यानं जीव जात नाही. पण तीच तार लाईनला जोडली तर ती फाशी आहे. जोडणाऱ्याला पहिल्यांदा गावानं समजवायचं, तार काढायची. दुसऱ्यांदा दंड, आणि तो पैसा जागलीसाठी. तिसऱ्यांदा गावानंच लेखी तक्रार करायची. मग तो आपला भाऊ असो की संघटनेचा कार्यकर्ता.

सहावं. बाजारात इसार देणारा आला की त्याचं नाव, फोन नंबर ग्रामसभेत सांगायचा. पोट्ट्यांनो, हे तुमच्यासाठी. भिऊन गप्प बसू नका. सांगणाऱ्याला गाव सांभाळेल, असा ठराव आधी करून ठेवा.

आपला माणूस पकडला गेला तर

कधी गुन्हा केलेला असतो, कधी नसतो. दोन्ही वेळी त्याला टाकून देऊ नका. अटक झाली तर २४ तासांच्या आत कोर्टापुढं उभं करावंच लागतं. आदिवासी माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही. या कायद्यात एसीएफच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यापुढं नोंदवलेला जबाब कोर्टात पुरावा धरता येतो, म्हणून काय लिहिलं ते वाचून घेतल्याशिवाय सही नको. मारहाण झाली तर पहिल्याच दिवशी कोर्टाला सांगा. आणि त्यानं खरंच केलं असेल, तर पाठीशी घालू नका, पण बादलीवाल्याचं नाव, नंबर, गाडी त्याच्याकडून बाहेर काढायला लावा. पहिला हात जेलात आणि चौथा हात मोकळा, एवढ्यावर भागणार असेल तर तो न्याय नाही.

शेवटचं

काका, आता माझं उत्तर पुरं करतो. जंगल आपलं म्हणायचं आणि तारेकडं पाहून मान फिरवायची, ही दोन्ही कामं एका तोंडानं होत नाहीत. मी एकदा मान फिरवली होती, त्याची किंमत दुसऱ्याच्या पोरानं दिली.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावानं दोन गोष्टी आणायच्या. एक, राखण समितीच्या ठरावाची नक्कल. दुसरी, आपल्या जंगलातून काढलेल्या तारांचं पोतं. सगळी पोती आपण इथं मोहाखाली ओतू, मोजू, आणि लेखी यादी करून पोच घेऊन जमा करू. आणि त्याच यादीखाली आपल्या पडून असलेल्या दाव्यांची यादी जोडू. राखण आम्ही करून राहिलो, कागद तुम्ही कधी देता, असं तेव्हा मान वर करून विचारता येईल.

जय सेवा! जोहार!

(सोबत: ग्रामसभेत घ्यायच्या ठरावाचा नमुना. गावानं आपल्या गरजेप्रमाणे बदल करावा.)

"आजच्या ग्रामसभेत सर्वानुमते ठरले की, वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ प्रमाणे आमच्या सामूहिक वनातील जंगल, पाणी व रानजनावरे यांची राखण ग्रामसभा करील. त्यासाठी नियम ४ प्रमाणे समिती नेमण्यात येत असून तिच्यात निम्म्या स्त्रिया असतील. आमच्या हद्दीत फास, खटका, विष, गावठी बॉम्ब व विजेची तार लावण्यास तसेच रानजनावर किंवा त्याचा कोणताही अवयव विकण्यास मनाई आहे. माहिती देणाऱ्याच्या पाठीशी ग्रामसभा उभी राहील. पीक व जनावरांच्या नुकसानीचे अर्ज समिती एकत्र सादर करील. ठरावाची नक्कल वनविभाग, तहसीलदार व पोलीस ठाणे यांना देऊन पोच घेण्यात यावी."